शंभर दारं, अगणित खोल्या

मोबाइलच्या सिम कार्डात फोन नंबराहून वेगळा एक क्रमांक असतो. तो कुणी पाठ करत नाही, कुणाला सांगत नाही, बहुतेकांना तो आयुष्यात एकदाही दिसत नाही. पण नेटवर्कला आपली ओळख पटते ती त्याच क्रमांकावरून. आयएमएसआय हे त्याचं नाव. जास्तीत जास्त १५ अंक: पहिले तीन देशाचे, पुढचे दोन किंवा तीन नेटवर्कचे, उरलेले ग्राहकाचे. परदेशात विमानातून उतरून फोन चालू केला की तिथलं अनोळखी नेटवर्क पहिले पाच-सहा अंक वाचतं. हा पाहुणा कोणाच्या घरचा आणि त्याची हमी कोण घेणार, हे त्याला तेवढ्यावरून कळतं. जगभरातलं रोमिंग या पाच-सहा अंकांवर चालतं.

त्यातल्या मधल्या अंकांचा, म्हणजे नेटवर्क कोडचा हिशेब करून पाहू. कोड दोन अंकी असेल तर ०० ते ९९ असे शंभर कोड होतात. प्रत्येक कोडपुढे ग्राहकासाठी दहा अंक उरतात, म्हणजे एक हजार कोटी क्रमांक. एका देश कोडखाली अशी एक लाख कोटी सिम कार्डं मावतात. पृथ्वीवरची माणसं आठशे कोटींच्या घरात आहेत, म्हणजे एकट्या एका नेटवर्क कोडखाली सगळ्या मानवजातीला एकेक सिम देऊनही क्रमांक शिल्लक राहतील. तरीही देशोदेशीचे नियामक कोड संपत आल्याची काळजी करतात, आणि ती काळजी खरी आहे. खोल्या अगणित आहेत, पण दारं शंभरच. क्रमांकांचा साठा भरपूर असताना आपण तो इतक्या मोठ्या मापाने वाटतो की शंभर जणांनंतर हात रिकामे होतात. या मापाची झळ ज्यांनी आधी येऊन दारं घेतली त्यांना लागत नाही. आज नवं काही उभारू पाहणाऱ्यांना ती लागते. हे बदलायला हवं, आणि टंचाई पुरती अंगावर येण्याआधी बदलायला हवं.

ही रचना १९८० च्या दशकातली आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या, म्हणजे आयटीयूच्या, ई.२१२ या शिफारशीत ती लिहिलेली आहे. त्या काळी मोबाइल म्हणजे मुख्यतः मोटारीत बसवलेला फोन. एका देशात दोन-चार नेटवर्कं असली तरी चिक्कार वाटायची. त्या हिशेबाने शंभर कोड म्हणजे कधीच न संपणारी शिल्लक. १ जुलै १९९१ रोजी फिनलंडमध्ये जीएसएमचा, म्हणजे डिजिटल मोबाइलच्या तंत्राचा, पहिला व्यावसायिक कॉल झाला. ज्या कंपनीच्या नेटवर्कवर तो झाला, तिची वारसदार कंपनी आजही २४४-०५ या कोडवर चालते: २४४ हा देश कोड, ०५ हा नेटवर्क कोड. तंत्रज्ञानाच्या पिढ्या आल्या नि गेल्या, मालक बदलले, पण कोड राहिला. कोड एकदा दिला की तो सहसा परत येत नाही, ही गोष्ट पुढच्या सगळ्या वादाच्या मुळाशी आहे.

देश कोड आयटीयू देते. पहिल्या अंकावरून जगाचा भाग कळतो: २ म्हणजे युरोप, ३ म्हणजे उत्तर अमेरिका आणि कॅरिबियन, ४ म्हणजे आशियाचा मोठा भाग, ६ म्हणजे आफ्रिका. देशाच्या आत कोणाला कोणता नेटवर्क कोड द्यायचा, हे त्या देशाचं प्रशासन ठरवतं. हे अंक निव्वळ तांत्रिक नसतात. कोसोव्होला स्वतःचा देश कोड नव्हता तेव्हा तिथले मोबाइल ऑपरेटर मोनॅको आणि स्लोव्हेनियाचे कोड उसने घेऊन चालत होते. पुढे २२१ मिळाला. देश म्हणून आपलं नाव फोनच्या जगात असणं म्हणजे काय, हे तिथल्या लोकांना विचारावं.

आता दारावर कोण उभं आहे ते पाहू.

रेल्वे फार आधी आली. गाडीचा चालक आणि नियंत्रण कक्ष यांच्यातल्या बोलण्यासाठी युरोपातल्या रेल्वेंनी जीएसएम-आर हे स्वतंत्र जाळं उभारलं आणि त्याला कोड घेतले. ब्रिटनमध्ये २३४-१२, जर्मनीत २६२-१०. त्यामागून स्वतःचे टॉवर नसलेले, दुसऱ्याच्या टॉवरवर सेवा विकणारे व्हर्च्युअल ऑपरेटर आले. त्यांच्यातल्या ज्यांना सिम स्वतःचं द्यायचं असतं, रोमिंगचे करार स्वतः करायचे असतात, त्यांना स्वतःचा कोड लागतो. पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका यांची आणीबाणीची जाळी जुन्या रेडिओवरून ४जी-५जीवर सरकत आहेत, त्यांनाही कोड हवा. बंदरं, खाणी, कारखाने, विमानतळ आपल्या आवारापुरतं खाजगी ५जी उभारतात, त्यांना कोड हवा. वीज, पाणी आणि गॅस पुरवणाऱ्यांना लाखो मीटर वाचायचे असतात, त्यांनाही. समुद्रावरच्या आणि आकाशातल्या सेवांसाठी आयटीयूने ९०१ हा कोणत्याच देशाचा नसलेला कोड ठेवला आहे. उपग्रहांवरून सेवा देणाऱ्या कंपन्या तिथे आहेत: इरिडियम ९०१-०३ वर, थुराया ९०१-०५ वर, इनमारसॅट ९०१-११ वर. तिथेही आता जगभर यंत्रं जोडणाऱ्या कंपन्यांची वर्दळ आहे. २००८ मध्ये ई.२१२ च्या शीर्षकातूनच 'मोबाइल' हा शब्द गेला आणि 'सार्वजनिक नेटवर्कं आणि वर्गण्या' असा व्यापक उल्लेख आला. नियम लिहिणाऱ्यांना बदल कळलेला होता, पण वाटपाच्या सवयी त्या वेगाने बदलल्या नाहीत.

यांतल्या मीटरच्या प्रश्नाकडे जरा थांबून पाहायला हवं, कारण नव्या मागणीचं खरं कारण तिथे दिसतं. समजा, एका वीजपुरवठादाराने दहा लाख मीटर बसवले आणि प्रत्येकात एका मोबाइल ऑपरेटरचं सिम घातलं. मीटर पंधरा वर्षं टिकतो. ऑपरेटरशी करार असतो पाच वर्षांचा. सहाव्या वर्षी ऑपरेटरने दर वाढवले, किंवा त्या भागातली सेवा ढासळली, किंवा त्याने जुनं तंत्रज्ञान बंद केलं, तर पुरवठादाराने काय करायचं? सिमवरचा क्रमांक ऑपरेटरच्या कोडला बांधलेला आहे. दुसरीकडे जायचं तर दहा लाख ठिकाणी माणूस पाठवायचा. जिन्याखाली, तळघरात, कुलूपबंद पेटीत हात घालून सिम बदलायचं. तो खर्च इतका येतो की कुणी बदलत नाही, आणि हे ऑपरेटरलाही पक्कं ठाऊक असतं. सिम स्वतःच्या कोडवर असेल तर मात्र चित्र उलटतं. टॉवर कोणाचे वापरायचे हा करार कार्यालयात बसून बदलता येतो, मीटरला कुणी हात लावत नाही. हे ओळखूनच नेदरलँड्सने २०१४ मध्ये नियम बदलले आणि सार्वजनिक सेवा न देणाऱ्या, स्वतःच्या यंत्रांसाठी कोड मागणाऱ्या संस्थांनाही दार उघडलं. त्याच वर्षी युरोपच्या टपाल आणि दूरसंचार प्रशासनांच्या परिषदेने या कोडांच्या बदलत्या वापरावर अहवाल काढला. टंचाई ओढवू शकते आणि तिच्यावर कोणते उपाय करता येतील, याची चर्चा तेव्हापासून मांडलेली आहे.

म्हणून 'नवे लोक उगाच हौसेखातर कोड मागतात' हे म्हणणं मला पटत नाही. त्यांना जखडून राहायचं नाही, हे त्यांचं कारण आहे, आणि ते रास्त आहे. एखादा लहान ऑपरेटर स्वतःचा कोड मागतो तेव्हा तो बहुधा आपल्या ग्राहकांना एका मोठ्या ऑपरेटरच्या मुठीतून सोडवायची धडपड करत असतो. कोड नाकारणारा नियामक तांत्रिक निर्णय घेतल्यासारखा वागतो, पण त्या नकाराने बाजारात कोण उतरू शकेल हे ठरून जातं.

आणि जुन्यांकडे काय आहे? भारताचं उदाहरण घ्या. परवाने २२ सेवा-क्षेत्रांनुसार दिले गेले आणि एकाच कंपनीला क्षेत्रागणिक वेगळा कोड मिळाला. ग्राहकाच्या लेखी नेटवर्क एक, नाव एक, पण कोड वीस-बावीस. म्हणून ४०४ पुरला नाही, ४०५ घ्यावा लागला आणि ४०६ ही देशाच्या नावावर आला. त्या काळी हे चूक नव्हतं. क्षेत्राबाहेर गेलं की रोमिंग लागायचं, आणि क्षेत्रं वेगळी ओळखायची तर कोड वेगळे हवे होते. इतर देशांत कारणं निराळी असतात. दोन कंपन्या एक होतात आणि दोघींचेही कोड राहतात. एखादं नेटवर्क बंद पडतं आणि त्याचा कोड शिल्लक चारशे सिमांसाठी अडकून पडतो. कुणी प्रयोगासाठी कोड घेतो, प्रयोग संपतो, कागद मात्र तसाच राहतो. यात लबाडी असेलच असं नाही. कोड ठेवून घ्यायला काही पडत नाही आणि परत करायला कष्ट पडतात, म्हणून तो राहतो.

टंचाईचा विषय निघाला की पहिली सूचना येते: दोन अंकांऐवजी तीन अंक करा, शंभराचे हजार होतील. कागदावर हे खरं आहे. अमेरिका आणि कॅनडा तीन अंकीच कोड वापरतात. पण चालत्या देशात मधूनच तीन अंक आणणं किती जिकिरीचं आहे, हे सूचना करणाऱ्यांनी कधीतरी सिम आणि फोन यांच्या पोटात शिरून पाहावं. आयएमएसआयमध्ये नेटवर्क कोड कुठे संपतो याची खूण नसते. १२ नंतर ० आला, तर तो कोड १२ आणि ग्राहकाचा पहिला अंक ०, की कोड १२०? क्रमांकावरून कळत नाही. सिममधल्या एका वेगळ्या फाइलीत कोड किती अंकी आहे हे लिहिलेलं असतं, पण जुन्या सिमांत ती नोंद ऐच्छिक होती, म्हणून फोन बनवणाऱ्यांनी आपापल्या याद्या करून ठेवल्या. यादी जुनी असेल तर अंदाज चुकतो. टॉवर आपला कोड प्रसारित करतो तेव्हा दोन अंकी कोडच्या तिसऱ्या जागी भरतीची खूण असते, तिथे गोंधळ होत नाही. पण ४जी-५जीमध्ये नेटवर्कं एकमेकांना इंटरनेटसारख्या नावांनी शोधतात, आणि त्या नावात कोड नेहमी तीन अंकी लिहितात. दोन अंकी असेल तर डावीकडे शून्य लावून. म्हणजे १५ या कोडचं नाव ०१५ होतं. उद्या त्याच देश कोडखाली कुणाला खराखुरा ०१५ दिला, तर दोन वेगळ्या नेटवर्कांचा पत्ता एकच! हे सगळं टाळून मिश्र पद्धत चालवता येते, भारताच्या ४०५ खाली दोन अंकी आणि तीन अंकी कोड शेजारी शेजारी आहेत. त्यासाठी न वाटलेल्या एखाद्या दोन अंकी कोडचे, समजा ३७ चे, दहा तुकडे करायचे, ३७० ते ३७९. ज्याच्याकडे आधीच ३६ आहे त्याच्या ३६० ते ३६९ ला हात लावायचा नाही. पण प्रत्येक तुकड्यामागे जगभरच्या रोमिंग भागीदारांच्या तक्त्यांत बदल, आणि कुठल्या तरी जुन्या फोनचा चुकलेला अंदाज, ही किंमत आहे.

त्यापेक्षा सरळ मार्ग आहे. देश कोड पुरा भरत आला असेल तर आयटीयूकडे दुसरा मागावा आणि त्यात पहिल्या दिवसापासून तीनच अंकांचे कोड द्यावेत. जपानकडे ४४० आणि ४४१ आहेत, ब्रिटनकडे २३४ आणि २३५, अमेरिकेकडे ३१० ते ३१६ असे सात. नव्या पाटीवर मिश्रणाचा घोळ उरत नाही. पण देश कोडही तीन अंकीच, सगळ्या जगाला मिळून हजार. जुन्या शंभर कोडांत काय पडून आहे याचा हिशेब न देता दुसरी पाटी मागणाऱ्या देशाला आयटीयूने आधी तो हिशेब विचारावा, असं मला मनापासून वाटतं.

दुसरी सूचना वाटून घेण्याची, आणि माझ्या मते खरं उत्तर तिच्यातच आहे. एक कोड अनेकांचा. कोडपुढच्या ग्राहक-क्रमांकाचे पहिले काही अंक प्रत्येकाला वेगळे द्यायचे. अमेरिकेत ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपासचा १५० मेगाहर्ट्झचा पट्टा, ज्याला सीबीआरएस म्हणतात, लहान-मोठ्या सगळ्यांना खुला झाला तेव्हा प्रत्येकाला वेगळा कोड देणं शक्यच नव्हतं. त्यांनी ३१५-०१० हा एकच कोड सगळ्यांसाठी ठेवला. पुढचे चार अंक गटाचे, शेवटचे पाच ग्राहकाचे. एका कोडमध्ये दहा हजार गट, प्रत्येकात एक लाख सिम. एखाद्या शाळेच्या किंवा गोदामाच्या नेटवर्कला एक लाख सिम आयुष्यभर पुरतात. अमेरिकेलाच हा धडा आधी फोन नंबरांत मिळाला होता. तिथे कंपन्यांना नंबर दहा-दहा हजारांच्या गठ्ठ्यांनी दिले जात. गाव कितीही लहान असो, गठ्ठा दहा हजारांचाच. नंबर वापरात नसतानाही संपत चालले. २००० साली तिथल्या दूरसंचार आयोगाने गठ्ठा हजाराचा करायचा आदेश दिला. नवे नंबर न शोधता, फक्त माप लहान करून, नंबरांचं आयुष्य वाढलं.

वाटून घेण्यात अडचणी आहेत, आणि त्या झाकून ठेवण्यात अर्थ नाही. परक्या नेटवर्कातून चौकशी येते ती देश कोड आणि नेटवर्क कोड यांच्या पत्त्यावर. कोड सामाईक असेल तर सगळी टपालपिशवी एकाच दारात पडते. तिथे कुणीतरी बसून पुढचे अंक वाचून ती ज्याची त्याला पोचवावी लागते. तो 'कुणीतरी' कोण, त्याचा खर्च कोण देणार, त्याचं यंत्र बंद पडलं तर किती नेटवर्कं गप्प होणार, हे आधी ठरवावं लागतं. दुसरी अडचण जास्त बारीक आणि जास्त त्रासदायक. दोन शेजारी कारखान्यांची नेटवर्कं एकाच कोडवर असतील, तर एका कारखान्याचं यंत्र शेजारच्या टॉवरलाच आपलं घर समजून तिथे जातं. तो टॉवर 'या नेटवर्कात तुला परवानगी नाही' असं सांगतो. यंत्र आज्ञाधारकपणे तो कोड निषिद्ध यादीत टाकतं, आणि मग स्वतःच्या घरीही जायला नकार देतं, कारण घराचा कोडही तोच! नकार देताना योग्य तेच कारण पाठवणं, फक्त त्या भागापुरता नकार देणं, असे उपाय आहेत. पण ते सगळ्यांनी सारखे पाळले तरच चालतात. त्यामुळे कोड सामाईक करायचा तर त्याची नियमावली आणि तिच्यावर लक्ष ठेवणारी व्यवस्था त्याच दिवशी तयार हवी. 'घ्या वाटून' म्हणून नियामकाने हात झटकले तर पहिल्याच वर्षी भांडणं सुरू होतील.

५जीच्या मानकांनी यातला एक भाग सोडवला आहे. २०२० मध्ये पूर्ण झालेल्या सोळाव्या आवृत्तीत खाजगी नेटवर्कांसाठी वेगळी ओळख आली. नेटवर्क कोडच्या जोडीला ४४ बिटांचा एक नेटवर्क-क्रमांक प्रसारित करायचा, म्हणजे शेजारच्या दोन कारखान्यांचा कोड एक असला तरी यंत्राला घर ओळखू येतं. शिवाय आयटीयूने ९९९ हा देश कोड खाजगी नेटवर्कांच्या अंतर्गत वापरासाठी सोडला आहे. तो कुणाकडे मागावा लागत नाही. अट एवढीच की हा कोड आवाराबाहेर चालत नाही. त्याच्यावर रोमिंग नाही, आणि दुसऱ्या कुणी तोच क्रमांक वापरला तर तक्रार नाही. ज्या खाणीतली यंत्रं खाणीबाहेर कधी येणारच नाहीत तिला हे पुरेसं आहे. तिने देशाच्या शंभरातला एक कोड अडवू नये, आणि तिला तो मागायची सवय लावणाऱ्या सल्लागारांनीही जरा विचार करावा. उलट आजाऱ्याला घेऊन आवाराबाहेर पडणारी रुग्णवाहिका, गावोगाव पसरलेले मीटर, देशोदेशी फिरणारे कंटेनर, यांना ९९९ चा काही उपयोग नाही. 'खाजगी' या एका शब्दाखाली या सगळ्यांना एकत्र कोंबून एकच नियम लावणं ही नियामकांकडून होणारी सर्वांत मोठी चूक ठरेल.

मीटरवाल्याच्या प्रश्नाला तिसरं उत्तरही आहे. सिममधला मजकूर दुरून बदलता येतो. नवा ऑपरेटर घेतला की त्याचा क्रमांक हवेतून उतरवून घ्यायचा, जुना पुसायचा. फोनमध्ये ई-सिम म्हणून हे आता रुळलं आहे, आणि पडदा-बटणं नसलेल्या यंत्रांसाठी मोबाइल उद्योगाच्या जीएसएमए या संघटनेने २०२३ मध्ये नवं मानक दिलं. हे नीट चाललं तर अनेकांना स्वतःच्या कोडची गरजच उरत नाही, कारण कोड मागायचं कारण होतं ते जखडणं. पण तंत्र उपलब्ध आहे म्हणून हक्क मिळाला असं होत नाही. जुना ऑपरेटर मजकूर सोडायला तयार नसेल, करारात दंड लिहून ठेवेल, सिममधला मजकूर बदलायच्या डिजिटल किल्ल्या आपल्याकडे ठेवेल, तर ई-सिमही साधं सिमच राहतं. माझी मागणी आहे की नियामकाने कोड नाकारताना त्याच आदेशात ग्राहकाचा बदलाचा हक्क लिहून द्यावा: मुदत किती, शुल्क शून्य, किल्ल्या कोणाकडे. 'तुम्हाला कोड मिळणार नाही, ई-सिम वापरा' एवढंच सांगून घरी पाठवणं हा अन्याय आहे.

परदेशी कोडची पळवाटही यातूनच निघते. आपल्या देशात कोड मिळत नाही म्हटल्यावर कंपन्या दुसऱ्या देशाचं सिम घालतात आणि यंत्र कायमचं रोमिंगवर चालवतात. ब्राझीलसारख्या देशाने कायमस्वरूपी रोमिंगला मनाई केली. दोन देशांच्या संमतीने एकाचा कोड दुसऱ्यात वापरायची तरतूद आयटीयूच्या नियमांत आहे, पण संमती न विचारता चालणारं रोमिंग त्या तरतुदीच्या कडेने निसटतं. स्वदेशी दार बंद ठेवलं की माणूस खिडकीतून येतो, आणि मग आपल्याच मीटरांवर आपला नियम चालत नाही.

लिलावाची सूचना कुणी ना कुणी करतंच. स्पेक्ट्रमचा होतो, कोडचा का नको? माझा याला स्पष्ट विरोध आहे. स्पेक्ट्रम हा कमाईचा माल आहे, कोड ही ओळख आहे, आणि ओळखीचा लिलाव श्रीमंत ऑपरेटरच जिंकणार. इंटरनेटच्या जुन्या पत्त्यांचं, आयपीव्ही४ चं, काय झालं ते आठवावं. सुमारे ४३० कोटी पत्ते. सुरुवातीच्या काळात काही संस्थांना १ कोटी ६७ लाखांचे गठ्ठे सहज दिले गेले. ३ फेब्रुवारी २०११ ला जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटले गेले. त्यानंतर पत्त्यांचा बाजार उभा राहिला, आणि ज्यांना ते फुकट मिळाले होते त्यांनी ते उशिरा आलेल्यांना विकले. तिथे निदान आयपीव्ही६ चा, म्हणजे कितीतरी जास्त पत्ते देणाऱ्या नव्या पद्धतीचा, पर्याय होता. नेटवर्क कोडला तसा समांतर पर्याय नाही.

शुल्क मात्र हवं, आणि ते उलट्या उतरंडीचं हवं. पहिला कोड जवळपास फुकट. दुसऱ्याला शुल्क, तिसऱ्याला त्याच्या कितीतरी पट, विसाव्याला इतकं की कंपनीच्या लेखापालाने वर्षाअखेरीस 'हा कशाला ठेवलाय?' असं विचारावं. रुग्णवाहिकेच्या जाळ्याला यातून काही तोशीस लागणार नाही. वीस कोड घेऊन बसलेल्याला लागेल, आणि लागायलाच हवी. एक कोड मोकळा करायचा तर त्यावरची सिमं बदलावी लागतात, रोमिंग भागीदारांना कळवावं लागतं, बिलिंगच्या यंत्रणेत हात घालावा लागतो, हे मला मान्य आहे. पण ग्राहक फोन बदलतात, सिम हरवतात, ई-सिमवर जातात. नव्या ग्राहकांना जुना कोड देणं आजच थांबवलं तर दरवर्षी त्यावरची सिमं आपोआप आटत जातात. दहा वर्षांची मुदत दिली तर कुणाला इजा होणार नाही. परत आलेला कोडही लगेच दुसऱ्याला द्यायचा नसतो. जगात कुठल्या तरी तक्त्यात तो जुन्या मालकाच्या नावावर असतो, म्हणून त्याला काही वर्षं निवांत ठेवावं लागतं. म्हणजे आज परत मागितलेला कोड नव्या हातात पडायला एक तप लागेल. टंचाई दिसायला लागल्यावर हिशेब काढायला बसणाऱ्याला हे एक तप मिळणार नाही.

आणि यादी सार्वजनिक असावी. कोणता कोड कोणाकडे, केव्हापासून, कशासाठी आणि त्यावर किती सिमं चालू आहेत. आयटीयू कोड कोणाच्या नावावर आहे ते प्रसिद्ध करते. वापर किती, हे त्यातून कळत नाही. वापराचा आकडा हे व्यापारी गुपित असल्याचं ऑपरेटर सांगतील. मग नेमका आकडा सांगू नका, हजारांत की लाखांत की कोटींत एवढं सांगा. सार्वजनिक साठ्यातून फुकट मिळालेल्या वस्तूचा इतका हिशेब मागायचा हक्क लोकांना आहे.

नवा अर्ज आला की नियामक आज अर्जदारालाच प्रश्न विचारतो: तुमची गरज सिद्ध करा, किती यंत्रं, कोणत्या देशांत, सामाईक कोडवर का भागणार नाही. हे प्रश्न योग्यच आहेत. तेच प्रश्न त्याच आठवड्यात एकापेक्षा जास्त कोड बाळगणाऱ्या प्रत्येक जुन्या ऑपरेटरलाही पाठवावेत, उत्तराला नव्वद दिवसांची मुदत द्यावी, आणि उत्तरं येईपर्यंत एकाही नव्या अर्जावर 'कोड शिल्लक नाहीत' असा शेरा मारू नये.